दोन बहिणींच्या तळ्यातली कोळंबी

तीन वर्षांपूर्वी आंबेगाव तालुक्यातल्या एका शेततळ्याच्या बांधावर, वीस-पंचवीस माणसांच्या देखत, मी एका बाईला खोटारडी ठरवलं. तो शब्द मी उच्चारला नव्हता. मी म्हणालो होतो, "विमलताई, ही कोळंबी आम्ही दिलेली नाही. आमची मेली, आणि तुम्ही धरणातले झिंगे आणून टाकलेत." मग त्यांच्या हातातली नोंदींची वही घेतली आणि तिच्या पानांवर लाल पेनानं आडव्या रेघा मारल्या.

चूक माझी होती. ती नेमकी केवढी होती हे कळायला तीन वर्षं लागली आणि शेवटी जुन्नर-आंबेगावात तीन दिवस हिंडावं लागलं. ते तीन दिवस इथे लिहितो आहे.

आधी कामाविषयी थोडं सांगायला हवं. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. नव्वदच्या दशकात समुद्रकाठच्या कोळंबीच्या शेतांवर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि तळीच्या तळी आठवड्याभरात संपली. रोग विषाणूचा, त्याला औषध नाही. कोळंबीला लस द्यावी तर आपल्यासारखं रोगाची आठवण ठेवणारं रक्त तिच्यात नाही. गोड्या पाण्यात वाढणाऱ्या मोठ्या कोळंबीलाही असाच एक रोग होतो. पिल्लांची शेपूट दुधासारखी पांढरी पडते, आणि ती तळाला बसतात ती उठत नाहीत.

पुढे एक नवी वाट निघाली. विषाणू पेशीत शिरला की आपल्या नकला काढण्यासाठी हुकूम सोडतो. हा हुकूम एकेरी धाग्यावर लिहिलेला असतो. त्याच मजकुराचा दुहेरी धागा जर पेशीत आधी पोचवला, तर पेशी सावध होते आणि त्या मजकुराचा जो हुकूम दिसेल तो कातरून टाकते. विषाणूचं जनुक जागच्या जागी गप्प होतं. आम्ही असा दुहेरी धागा निरुपद्रवी जिवाणूंकडून तयार करून घ्यायचो, ते जिवाणू मारायचो आणि त्यांचा लेप खाद्याच्या गोळ्यांवर द्यायचो. सुई नाही, टोचणं नाही. कोळंबीनं फक्त खायचं. मला आजही या कल्पनेचं नवल वाटतं.

चाचणीसाठी दोन शेततळी घेतली. एक पिंपळवंडीला कुसुमताईंचं, दुसरं घोडेगावच्या पुढे विमलताईंचं. दोघी सख्ख्या बहिणी, माहेर ओतूरचं. हे मला ठाऊक होतं. त्याचा माझ्या कामाशी काही संबंध असेल, हे मात्र सुचलं नाही. एकाच खेपेची पिल्लं दोन्हीकडे सोडली. कुसुमताईंच्या निळ्या पिंपात लेप दिलेलं खाद्य होतं, विमलताईंच्या पिंपात साधं. एकात औषध आहे, एकात नाही, कुणाकडे काय ते आत्ता सांगणार नाही, असं मी दोघींना सांगायला हवं होतं. पण त्या नाही म्हणतील ही भीती होती. म्हणून मी सांगितलं, "दोन्हीत एकच औषध आहे."

दीड महिन्यानं जाळी उघडली तेव्हा दोन्ही तळ्यांत कोळंबी जवळपास सारखीच जगलेली. इकडे प्रयोगशाळेतल्या टाकीत, त्याच खेपेची साध्या खाद्यावरची पिल्लं त्या रोगानं एकूण एक मेली होती. मग विमलताईंची जगलीच कशी? भिंगाखाली एक कोळंबी धरून डोक्यापुढच्या करवती काट्यावरचे दात मोजले असते, तरी जात कळली असती. भिंग खिशात होतं. मी लाल पेन काढलं. "शेतकऱ्याच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत," असा अहवाल लिहिला आणि काम बंद पडलं.

यंदा शीतकपाट आवरताना दोन पाकिटं सापडली. शेवटच्या दिवशी दोन्ही पिंपांच्या तळातून घेतलेलं खाद्य. उगीच तपासलं. एकात धागा सापडायला हवा होता, एकात नाही. दोन्हींत सापडला, आणि दोन्हींत निम्म्या ताकदीचा.

पिंपं भरताना मीच घोळ घातला होता का? विचारायला दोनच माणसं होती, आणि त्यातल्या एकीसमोर उभं राहण्याची माझी हिंमत नव्हती.

मंचरला उतरलो नाही

विमलताईंकडे जायचं तर मंचरला उतरून घोडेगावची गाडी धरायची. तिकीट मंचरचंच काढलं होतं. स्टँड आला. कंडक्टर दोनदा ओरडला, "मंचरवाले, चला!" मी खिडकीतून उसाच्या रसाच्या दुकानाकडे पाहत बसलो. गाडी सुटल्यावर पुढचे पैसे दिले. कंडक्टर म्हणाला, "काय राव, झोप लागली व्हती का?" मी हो म्हणालो. म्हणजे प्रवासाची सुरुवातही खोट्यानंच झाली.

नारायणगाव गेलं. टोमॅटोचे क्रेट भरलेले टेम्पो एकामागे एक उभे होते. उजव्या हाताला, दूर खोडदच्या अंगाला, दुर्बिणीच्या अजस्र तबकड्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून होत्या. शेजारचा म्हातारा म्हणाला, "पावणं, ते वर आभाळाचं ऐकत्यात. माझा नातू तिथं वायरमन हाय. त्याला घरात हाक मारली तर ऐकू येत न्हाई." आख्खी बाकं हसली. मीही हसलो, आणि त्या हसण्यात पिंपळवंडी कधी आली कळलं नाही.

पिंपळवंडी

कुसुमताई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत.

"या सायेब. लाल पेन आणलाय का?"

त्यांचे यजमान दत्तूभाऊ गोठ्यातून आले आणि मला सोडवलं. "अगं, पावणं आल्यात, पाणी तरी दे. मंग भांड." मला म्हणाले, "चला, तवर तळं दावतो. आता रोहू-कटला हाय त्यात."

शेततळ्याला आत प्लास्टिक अंथरलेलं असतं, इथे त्याला कागद म्हणतात. "कागदावर पाय देऊ नका," असं दत्तूभाऊ म्हणेपर्यंत मी दिला होता. शेवाळलेल्या कागदावरून मी बसल्या बसल्या थेट कमरेइतक्या पाण्यात गेलो. चढायला लागलो की पुन्हा घसरायचो. प्रत्येक तळ्याच्या काठी खुंटाला गाठी मारलेला दोर बांधलेला असतो, तो कशासाठी हे तेव्हा समजलं. दत्तूभाऊंनी तो फेकला. "गाठीगाठीनं या, सायेब. घाई करू नका. आमच्या तळ्यातली मासळी पुण्याचीच हाय, तिला तुमची सवय हाय."

एक चप्पल तळ्याला दिली. दत्तूभाऊंचा पायजमा मला घोट्याच्या वीतभर वर आला. तो पाहून कुसुमताईंना हसू आवरेना, आणि मग पान वाढलं गेलं.

मासवडी होती. जुन्नरकडे हिचं कोण कौतुक, आणि ते रास्त आहे. बेसन शिजवून ओल्या कापडावर थापायचं, त्यावर तीळ, खोबरं, भाजलेला कांदा यांचं सारण पसरायचं, कापडानंच वळकटी करायची आणि मग काप कापायचे. प्रत्येक काप माशाच्या आकाराचा. सोबत लालभडक रस्सा आणि बाजरीची भाकरी. आमच्या पुण्याच्या घरी सणाला काय काय होतं, पण इतकं धीरानं केलेलं काही मी फार दिवसांत खाल्लं नव्हतं.

"घरात माळ हाय," दत्तूभाऊ म्हणाले. "आमची मासळी हीच. कोळंबी पाळली, पन तोंडाला लावली न्हाई."

"खाल्ली नाहीत, तरी पाळलीत?"

"म्हणून तर नीट पाळली. जीव हाय म्हणून पाळली. ताटात बघून पाळली न्हाई."

मी पाकिटांची गोष्ट सांगितली, धागा, निम्मी ताकद, सगळं. कुसुमताई भाकरी थापत ऐकत होत्या. भाकरी तव्यावर टाकून म्हणाल्या, "म्हंजे त्या रोगाचा निरोप पोचायच्या आधीच कागुद फाडायचा. असंच ना?" मी जे अहवालात चार पानं लिहून सांगत असे, ते त्यांनी भाकरी उलटायच्या आत सांगितलं होतं.

"असंच. पण विमलताईंच्या पिंपात ते नव्हतं. मी टाकलंच नव्हतं. मी तुमच्याशी खोटं बोललो होतो."

त्यांनी वर पाहिलं. "ते आमाला तवाच कळलं व्हतं."

मग त्यांनी सांगितलं. पिल्लं सोडून थोडे दिवस झाले आणि ओतूरला चुलतभावाचं लग्न निघालं. दोघी माहेरी गेल्या. विमलताईंच्या तळ्यात रोज पिल्लं मरत होती, इकडे एखाददुसरी. "ती म्हणली, अक्का, तुझं खाद्य दाव. दोघींनी मूठ मूठ नेलं व्हतं. तिच्याला नुसता भुशाचा वास. माझ्याला आंबट ताकासारखा. ती म्हणली, सायेब म्हणतोय एकच हाय, पन एक न्हाई. एकीचं औषध हाय, एकीचं साधं. मंग आमी अर्धं अर्धं केलं. भावाचा भाजीचा टेम्पो मंचरला जातो, त्यातनं माझं अर्धं तिला, तिचं अर्धं मला."

"पण तुमची तर चांगली जगत होती! तिला अर्धं दिलंत ते समजलं. तिचं वाईट तुम्ही कशाला घेतलंत?"

"घेतलं न्हाई तर वाटणी कसली? नुसतं दिलं तर ती भीक झाली." त्यांनी तव्यावरची भाकरी माझ्या पानात टाकली. "मेलं तर दोघींचं, जगलं तर दोघींचं."

माझा सगळा हिशेब दोन वेगळ्या तळ्यांचा होता. त्यांनी त्याचं एकच तळं करून टाकलं होतं. प्रयोग बिघडला, हे खरं. दोन तळ्यांवरून काही सिद्धही होत नाही. तरीही निम्म्याच लेपावर दोन्हीकडची पिल्लं तगली होती, आणि आमच्या टाकीतली एकूण एक मेली होती. आमची रीत कामाची असावी असं सांगणारा तो पुरावा होता, आणि तोच मी लाल रेघेनं खोडून टाकला होता.

मी म्हणालो, "उद्या विमलताईंकडे जातो." मग, का कोण जाणे, मंचरला न उतरल्याचंही सांगून टाकलं.

"मंग मी संगं येते," कुसुमताई म्हणाल्या. "तुमी पुन्ना पुढं निघून जाल. पन आधी ओतूरला चला. आमचं डोकं असं का चालतं ते बघा."

ओतूर

ओतूर बाजाराचं गाव. आजूबाजूच्या वाड्यांची सगळी माणसं स्टँडपासूनच भेटत होती आणि प्रत्येकाला कुसुमताईंना थांबवून विचारायचं होतं, हे आखूड पायजम्यातलं पावणं कोण. त्या सांगायच्या, "शास्त्रज्ञ हायेत." कुणाचाच विश्वास बसत नव्हता. एका दुकानात मी नव्या चपला घेतल्या. पायजमा मात्र त्यांनी बदलू दिला नाही. "ऱ्हाऊ दे. विमलला बघू दे."

भावाच्या घरी माळ्याखाली दोन सुकलेले भोपळे टांगले होते, तोंडाला शेणानं बुचं लिंपलेली. एकात कुसुमताईंच्या शेतातलं बियाणं, दुसऱ्यात विमलताईंच्या. घेवडा, वाल, गावठी काकडी, राखेत घोळलेलं. ही त्यांच्या आईची रीत. लेकी सासरी जाताना तिनं सांगितलेलं, की कुठलंही बी एका घरात ठेवायचं नाही. निम्मं बहिणीच्या घरी, निम्मं आपल्या, आणि मूठभर माहेरी. एका वर्षी गारपिटीत कुसुमताईंचा घेवडा मुळापासून गेला. दुसऱ्या वर्षी तोच घेवडा विमलताईंच्या घरून परत आला.

भावजयीनं भोपळा कानाशी हलवून दाखवला. आत बिया खुळखुळल्या. आमच्या प्रयोगशाळेत एकच शीतकपाट आहे. चाचणीच्या आधी एकदा दोन दिवस वीज गेली, तेव्हा आमचे वर्षाचे नमुने गेले होते. ते मी तिथे बोललो नाही. बोललो असतो तर भावजयीनं नक्की विचारलं असतं, "दुसरीकडं न्हवतं ठिवलं व्हय?"

घोडेगावच्या पुढे

जुन्नरवरून घोडेगाव, आणि तिथून जीपनं पुढे. इथे जुन्नरच्या काळ्या सपाट रानाची जागा डोंगर घेतात. खाचरांत भात कापणीला आलेला, हवेला नव्या पेंढ्याचा वास, आणि वळणावळणाला धरणाचं पाणी झळकून जातं. जीपमधल्या बाया कुसुमताईंना ओळखत होत्या. एकीनं मला नीट न्याहाळलं आणि दुसरीला कुजबुजून सांगितलं, "तोच. रेघवाला." तीन वर्षांत मला या भागात नाव मिळालं होतं.

विमलताई खाचरातून आल्या. हातपाय धुतले, बहिणीला मिठी मारली. माझ्याकडे, मग पायजम्याकडे पाहिलं. "दाजींचा का?" एवढंच विचारलं. मी घाईनं बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "आधी जेवा."

तांदळाची मऊ भाकरी आणि वाटीत झिंग्यांचं कालवण. वाटी माझ्यासमोर ठेवून त्या पाटावर बसल्या. कुसुमताईंपुढे आमटी होती.

"खावा, सायेब. हे धरणातले झिंगे. सकाळीच आणल्यात. नीट बघून खावा, कसे दिसत्यात."

मी पाहिलं. नखाएवढे, काडीसारखे, सगळे एका मापाचे. त्या दिवशी जाळ्यातून काढलेली कोळंबी लांब निळसर नांग्यांची होती. भिंगाचीसुद्धा गरज नव्हती. कालवण अप्रतिम होतं.

"दिसले?" त्यांनी विचारलं.

"दिसले."

त्या उठल्या आणि पत्र्याच्या पेटीतून, लुगड्यांच्या घडीखालून, वही काढून आणली. लाल रेघा फिकट झाल्या होत्या. रेघांखाली त्यांचं गोल, सावकाश अक्षर. रोजची तारीख, सकाळचं पाणी, किती मेली. मेलेल्यांचे आकडे वाढत गेलेले. मग एका दिवशी आकड्याच्या शेजारी, रिकाम्या जागेत, एक ओळ: "आजपासून अर्धं खाद्य अक्काचं. वास वेगळा आहे." त्यानंतर आकडे उतरत जातात. पुढच्या पानावर शून्य. त्याच्या खाली शून्य. पान संपेपर्यंत शून्यच.

ही वही मी हातात धरली होती. मी फक्त आकड्यांचा रकाना पाहिला होता.

"त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले की. 'वहीत हाय सगळं' म्हणले. तुमी वही घेतली. मला वाटलं, आता वाचणार. तुमी रेघ मारली."

त्यापुढचं त्यांनी नाही, कुसुमताईंनी सांगितलं. गावच्या बायकांच्या बचत गटाची वही विमलताईंकडे असायची. सातवी शिकलेल्या त्याच. दुसऱ्याच दिवशी गटानं ती परत मागितली. साहेबानं जिच्या वहीवर रेघा मारल्या, तिच्या हातात गटाचं लिखाण कसं ठेवायचं? गटातल्या सात जणी कोळंबी करणार होत्या, तो विषयही मिटला. भांडण झालं नाही. कुणी टाकूनही बोललं नाही. फक्त विमलताईंनी काही सांगितलं, की ऐकणारी शेजारणीकडे पाहून खात्री करून घ्यायची.

मी पाटावरून उठून हात जोडले. "विमलताई, मी…"

"थांबा." त्यांनी वही माझ्या हातात दिली. "मला एकटीला सांगू नका. मी काय केलं ते मला ठावं हाय. चार वाजता शाळंच्या पडवीत गट बसतो. तुमी चारचौघांत बोलला व्हता ना?"

"पण आधी तुम्हाला तरी…"

"सायेब," कुसुमताई म्हणाल्या, "तुमी परत मंचरला पोचला बघा. उतरा आता."

शाळेच्या पडवीत पंधरा-वीस बाया सतरंजीवर बसल्या होत्या. बातमी जीपबरोबरच पोचल्यामुळे खांबांना टेकून बाप्येमाणसंही होती. त्यातली बरीचशी त्या दिवशी बांधावर असलेली. विमलताई पुढे नाही, मधल्या रांगेत, नेहमीच्या जागी असाव्यात तशा बसल्या. मी आखूड पायजम्यात उभा राहिलो. वही छातीशी धरली.

आधी कडेची ती ओळ वाचून दाखवली. मग म्हणालो, "तीन वर्षांपूर्वी तळ्याच्या बांधावर मी विमलताईंना म्हणालो होतो, की त्यांनी धरणातले झिंगे आणून टाकले. त्यांनी टाकले नव्हते. कोळंबी आम्ही दिलेलीच होती, आणि ती त्यांनी जगवली होती. जे केलं ते त्यांनी त्याच दिवशी वहीत लिहिलं. मी न वाचता त्यावर रेघ मारली. या सगळ्यात खोटं एकच माणूस बोलला, तो मी. दोन्ही पिंपांत एकच औषध आहे असं मी सांगितलं होतं, ते नव्हतं. विमलताई, माझं चुकलं. मला माफ करा."

मग मागच्या खांबाकडून एका म्हातारीचा आवाज आला, "मोठ्यानं बोल की रं बाबा. हितं मागं काय बी ऐकू आलं न्हाई."

मी विमलताईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवून मागच्या रांगांकडे खूण केली.

मी घसा साफ केला, वही पुन्हा उघडली आणि ते सगळं पहिल्यापासून, मोठ्यानं, परत सांगितलं.